वापरात नसलेलं नाव

"ताई, तुझं ते नाव तू आता वापरत नाहीस ना?"

चिकूने हे विचारलं तेव्हा मी जुईला नाचणीचं सत्त्व भरवत होते. जुई नुकतीच वरचं खायला लागली होती. चमचा तिच्या ओठांपाशी नेऊन मी थांबले, आणि तिने माझी वाट न बघता हात मारून तो उडवला.

"कुठलं नाव?" फरशी पुसता पुसता मी विचारलं.

"केतकी. नुसतं पडून आहे ना."

माहेरच्या कपाटातली न नेसलेली साडी मागावी तसं तिने मागितलं.

"पडून काय असतंय? नाव आहे ते, जुनी सायकल नाही."

"मग सांग, लग्नानंतर कुणी हाक मारली तुला त्या नावाने?"

मी आठवून पाहिलं. सासरी कुणी मारायचा प्रश्नच नव्हता. आईसुद्धा चिकूचं ऐकून ऐकून मला ताईच म्हणायची.

बाल्कनीत माझ्या सासूबाई, माई, मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबल्याचं मला आतूनही कळलं. माझं नाव बदलायचं त्यांनीच ठरवलं होतं. त्यांचं कुलदैवत महादेव, आणि महादेवाला केतकी वाहत नाहीत. "देवाला न चालणारं नाव उंबऱ्याच्या आत कशाला," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, तेही प्रेमाने. मग मांडवात तांदळाच्या ताटात सुहासने अंगठीने 'अपर्णा' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. माझी तक्रार नव्हती. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींची नावं अशीच बदलली होती. आमचे अप्पा तेवढे शेजारच्या माणसाला दोन-तीनदा विचारत होते, "ही अपर्णा कोण?" लोक हसले. त्यांना वाटलं, वडील चेष्टा करतायत.

"घे की," मी चिकूला म्हटलं. "मला काय करायचंय त्याचं."

"नक्की?"

"घे म्हटलं ना."

वाटी सिंकमध्ये ठेवताना मात्र मी ते नाव एकदा मनातल्या मनात म्हणून बघितलं.

चिकू माझी धाकटी बहीण. मुलगा म्हणून जन्मली, मुलगा म्हणून वाढवली. अप्पा गेल्यावर वर्ष सरलं तेव्हा तिने आईला आणि मला समोर बसवून सांगितलं, की मी मुलगी आहे, कायमच होते, आता तसंच जगणार आहे. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मग साड्या घालणार, का ड्रेसच?" आणि आमच्या घरापुरता विषय संपला. चिकू हे नाव दोन्हीकडे चालण्यासारखं होतं, त्यामुळे घरात अडचण नव्हती. बाहेर, कागदोपत्री, तिला नाव हवं होतं.

सांगलीत ती मुलांना बुद्धिबळ शिकवायची. औषधांसाठी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडे पुण्याला यायची, कारण तिच्या डॉक्टर पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात होत्या. डॉ. तडवी. त्यांनी तिला हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या: एक शरीरातलं पुरुषी हार्मोन दाबणारी, एक बाईचं हार्मोन देणारी.

माईंनी तिला घरात येऊ नको असं कधी म्हटलं नाही. पण मराठीत माणसाशी बोलायचं म्हणजे तो पुरुष की बाई हे क्रियापदातच ठरवावं लागतं, आणि माईंना ते ठरवता येत नव्हतं. 'आलास' जिभेवर आलेलं असायचं, 'आलीस' निघायचं नाही. मग त्या अशी वाक्यं करायच्या, की दोन्ही टळावीत. "येणं झालं का?" "जेवण व्हायचंय ना?" "सांगलीला परत कधी जाणं आहे?"

"माई माझ्याशी सरकारी पत्रासारख्या बोलतात," चिकू मला स्वयंपाकघरात म्हणायची. "सदर इसमाचा चहा झाला आहे काय."

---

डॉ. तडवींच्या विभागात तेव्हा एक अभ्यास चालू होता. मेंदूतल्या पेशींमधून काही प्रथिनं थोडी थोडी रक्तात झिरपत असतात. हार्मोन सुरू केल्यावर ती वाढतात, कमी होतात, की तशीच राहतात, हे बघण्यासाठी काही जणांचं रक्त आधी एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा घ्यायचं होतं. चिकूने पहिल्या दिवशीच हो म्हटलं होतं.

मी जीवरसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय. अशा शिक्षणाचा एक तोटा असतो. घाबरायला पुरेल एवढं कळतं, धीर यायला पुरेल एवढं कळत नाही. मेंदू आणि रक्त हे दोन शब्द एका वाक्यात आले की मला अप्पा आठवायचे.

अप्पा सहकारी बँकेत होते आणि संध्याकाळी मंडळात बुद्धिबळ खेळायचे. चिकूला त्यांनीच शिकवलं. निवृत्तीच्या बऱ्याच आधी ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते. एका संध्याकाळी पट मांडून ते घोडा हातात घेऊन बसले आणि तो कसा चालतो तेच त्यांना आठवेना. चिकूने त्यांच्या हातातून तो घेतला, पट मिटला, आणि अप्पांना हाताला धरून घरी आणलं. पुढची सगळी वर्षं तिने त्यांचं केलं. मी तोवर लग्न होऊन पुण्याला आले होते.

म्हणून मी चिकूकडे बघत राहायचे. जुईचं कपाळ जसं येता-जाता चाचपायचे, तसंच. दुधाखालचा गॅस बंद करायला विसरली, मी मनात नोंदवलं. बोलता बोलता शब्द अडला, नोंदवलं. टीव्हीवरची बातमी बघून डोळ्यांत पाणी आलं, तेही.

"काय बघायलीयस माझ्याकडं?" एकदा तिने विचारलंच.

"कुठे काय."

"शिंगं फुटली का बघतीस? फुटली की तुलाच पहिल्यांदा सांगीन."

अभ्यासात तुलनेसाठी, जमलं तर, सख्ख्या बहिणींचं रक्तही हवं होतं. दुसऱ्या वेळी चिकू रक्त द्यायला निघाली तेव्हा जुई उभी राहायला लागली होती. तिला कडेवर घेऊन मीही गेले. तिथे माझं आधार कार्ड घेतलं, जुईला एक फुगवलेला हातमोजा खेळायला दिला, आणि शेजारशेजारच्या खुर्च्यांवर आम्हा दोघींचं रक्त काढलं. चिकूचं नाव तोवर कागदोपत्री बदललेलं होतं.

"एकाच टाकीचं पाणी," दोन नळ्या बघून चिकू म्हणाली.

त्याच मुक्कामात सुहासने तिला बुद्धिबळात हरवलं.

हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. पण सुहास आमच्या लग्नापासून चिकूशी हरत आला होता. ती पटाकडे पाठ करून, भेंडी चिरत खेळायची, तरी हरायचा. त्या दिवशी ती समोर बसून खेळली आणि घोडा फुकट देऊन बसली. सुहासने सोसायटीच्या ग्रुपवर पटाचा फोटो टाकला. माई म्हणाल्या, "बरं झालं, एकदा तरी." मी हसू शकले नाही. मला तो घोडा दिसत होता.

---

चिकू सांगलीला गेली, आणि काही आठवड्यांनी मला फोन आला. "ताई, तिकडं गेलीस तर माझा तो मेंदूचा आकडा विचारून ये. मी तिथं सांगून ठेवलंय. नुसती उत्सुकता."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. डॉ. तडवी परगावी होत्या. खिडकीत पोनीटेल बांधलेली एक संशोधक मुलगी होती. नळ्यांवर नुसते सांकेतिक आकडे असतात, पण शोधायचं झालं तर नावानेच, असं ती म्हणाली.

"पूर्ण नाव?"

"केतकी श्रीकांत नांद्रेकर."

ती पडद्यावर वर-खाली करत राहिली. "हं, मिळालं. हा एक आकडा बाकीच्यांच्या सरासरीपेक्षा बराच वर आहे. पण मॅडम, एकट्या आकड्यावरून आम्ही काही सांगत नसतो. डॉक्टर सोमवारी येतायत, त्यांच्याशीच बोला."

तिची ही सगळी वाक्यं मला आज आठवतात. त्या दिवशी मी पहिलं वाक्य ऐकून निघाले होते.

जुईला पाजताना मी एका हाताने मोबाइलवर वाचत राहिले. ते प्रथिन मेंदूच्या पेशींना इजा झाली तर वाढतं. वय झालं तरी वाढतं. आणखीही बऱ्याच कारणांनी वाढतं, असं लिहिलेलं होतं, ती यादी मी वाचली नाही. मी चिकूला फोन करून फक्त "ये" म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने आली.

"येणं झालं का?" माईंनी दार उघडलं.

"झालं, माई."

मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि आकडा सांगितला. ती कट्ट्याला टेकून उभी राहिली. बराच वेळ चहाच्या गाळणीशी चाळा करत होती.

"किती वर?"

"बराच, म्हणाली."

"आणि गोळ्यांच्या आधी किती होता?"

"ते विचारलं नाही मी. चिकू, गोळ्या थांबव."

"एका आकड्यावर?"

"एका आकड्यावर नाही. तू गॅस विसरतेस. बोलताना अडतेस. सुहासकडून हरलीस."

"दाजींकडून हरणं हा आजार आहे होय?"

"चेष्टा नको. अप्पांना कसं सुरू झालं ते तुझ्याइतकं कुणाला माहितीय? तू बघितलंयस सगळं. मी नव्हतेच."

 माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "भीती मला वाटत नाही असं समजू नकोस, ताई. रोज सकाळी उठल्यावर मी आधी एक डाव मनातल्या मनात खेळून बघते. सगळ्या खेळी आठवल्या तर मग दात घासते."

"मग थांबव ना."

"तुला कळत नाहीये. या गोळ्या घ्यायच्या आधी माझं डोकं म्हणजे सतत चालू असलेला मिक्सर होता. आता जरा कुठं घरात बोललेलं ऐकू येतंय." गाळणी तिने जागेवर लटकवली. "अप्पांसारखं व्हायचंच असेल तर होईल. पण निदान मी म्हणून होऊ दे ना."

"आणि मग तुझं कोण करणार? आई? मी जुईला बघू की तुला?"

मला बोलायचं होतं ते हे नव्हतं. पण निघालं ते हेच. आत जुई उठून रडायला लागली. चिकूने पिशवीतून गोळ्यांची डबी काढली. मुखवासाची जुनी डबी होती, वर बडीशेपेचं चित्र असलेली.

"धर," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत ठेव तुझ्याकडं. डॉक्टरांशी बोलू, मग बघू."

मी ती घेतली. पिठाच्या डब्यामागे ठेवली.

पुढचे दिवस तिने पट मांडला नाही. जुईला घेऊन खिडकीत बसायची आणि गाड्या दाखवायची. सुहासने एकदा "होऊन जाऊ दे" म्हणून बघितलं, तर "नको दाजी, डोकं दुखतंय" म्हणाली. 'डोकं' म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी मी पोळ्या लाटत असताना माई हळू आवाजात म्हणाल्या, "अपर्णा, तिच्यासाठी जरा पिठलं टाक. दोन दिवस नीट जेवली नाहीये ती."

मी लाटणं थांबवून त्यांच्याकडे बघितलं. त्या कणकेचा गोळा मळत होत्या, आपण काय बोललो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

---

डॉ. तडवी उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई. जुईला बघून त्यांनी टेबलावरचा कागद दाबायचा काचेचा गोळा आधी खणात टाकला.

"गोळ्या थांबवल्यात, असं बाहेर कळलं मला," त्या म्हणाल्या. "का?"

चिकूने माझ्याकडे हात केला. मी आकड्याचं सांगितलं, अप्पांचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि कॉम्प्युटरवर शोधायला लागल्या.

"केतकी नांद्रेकर," त्या पुटपुटल्या. "हं, हा आकडा वरच आहे. वय एकतीस."

"सत्तावीस," चिकू म्हणाली.

"इथे एकतीस आहे. गट, तुलनेचा. बाळंतपण झालेलं, बाळ अंगावर पितंय." त्यांनी चष्म्यावरून आधी चिकूकडे, मग माझ्या मांडीवरच्या जुईकडे बघितलं. "तुमचं नाव काय?"

"अपर्णा," मी म्हणाले.

"कागदोपत्री?"

 आधार कार्ड माझं अजून माहेरचंच होतं. बदलून घेऊ, बदलून घेऊ म्हणत राहिलेलं. रक्त देताना मी तेच दिलं होतं, आणि खिडकीत नाव सांगताना मला ते आठवलंही नव्हतं. इतके महिने मी चिकू काय काय विसरते ते बघत होते.

"केतकी श्रीकांत नांद्रेकर," मी म्हटलं.

चिकूने आधी माझ्याकडे बघितलं. मग तोंडावर ओढणी धरली. तिचे खांदे हलत होते.

"हसण्यासारखं काही नाही यात," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांच्याही ओठांचे कोपरे जागेवर नव्हते. त्यांनी पुन्हा शोधलं. "ही दुसरी. वय सत्तावीस. तुझे दोन्ही वेळचे आकडे जवळजवळ सारखे आहेत. उगाच बारीक फरक आहे, त्याला काही अर्थ नाही."

"म्हणजे मी बरी आहे?"

"म्हणजे या आकड्यावरून मी तुला बरी म्हणू शकत नाही आणि आजारीही म्हणू शकत नाही. हा काही थर्मामीटर नाही. खूप लोकांचे आकडे एकत्र ठेवले तर हार्मोनमुळे काय हलतं ते कदाचित दिसेल. ते हलणं चांगलं की वाईट, हे त्यानंतरचं काम. आज मला माहीत नाही, आणि मला माहितीय असं सांगणाऱ्या माणसावर तुम्ही विश्वास ठेवू नका. विसरण्याची शंका असेल तर त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात, त्या करू. पण गोळ्या मला विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत."

"आणि माझं?" मी विचारलं.  "माझा आकडा वर आहे."

"तुम्हाला मूल होऊन वर्षही झालेलं नाही. पोटात नऊ महिने हार्मोनचा पूर आला, मग एका दिवसात ओसरला, आता दूध चालू आहे, झोप नाही. शरीरात काय काय वर-खाली झालेलं असतं. काही जणींचे हे आकडे वर दिसतात, का ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. म्हणूनच तुमची नोंद आम्ही तुलनेत धरणार नव्हतो. दूध सुटलं की एकदा पुन्हा देऊन जा, म्हणजे तुमचा जीव शांत होईल. वडिलांचं सांगितलंत ते मी दोघींच्या नोंदीत घालून ठेवते." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही विसरता का?"

"सगळं," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय. सगळे म्हणतात, होतं असं."

---

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चिकूने दोन चहा आणि एक साबुदाणा वडा आणला. जुई वड्याकडे झेपावत होती. मी पर्समधून बडीशेपेची डबी काढून चिकूसमोर ठेवली. सकाळी निघताना पिठाच्या डब्यामागून घेतली होती. का घेतली ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तिने ती लगेच उचलली नाही.

"आता तू काय थांबवणार, ताई?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"आकडा तुझा वर आहे. गॅस तूपण विसरतीस, परवा कुकर कोरडाच लावला होतास. काहीतरी थांबवायला पाहिजे की." जुईचं नाक तिने चिमटीत धरलं. "हिला परत पाठवायची का?"

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. चिकूने कागदी रुमाल सरकवला. माझं शरीर, माझं दूध, माझी झोप, सगळं एकाच वर्षात बदललं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, की तू अजून तूच आहेस ना. लग्नात नाव बदललं तेव्हाही नाही. फक्त एका माणसाने विचारलं होतं, आणि त्याला लोक हसले होते.

"सुहासकडून कशी हरलीस मग?" नाक पुसत मी विचारलं.

"वाढदिवस होता ना त्यांचा."

 सुहासचा वाढदिवस मी विसरले होते; माई तिथीनेच ओवाळतात. त्याने आठवण करून दिली नव्हती आणि मला आजपर्यंत आठवलं नव्हतं.

"दिवसभर बिचारे फोनकडं बघत होते," चिकू म्हणाली. "म्हटलं, केक नाही तर निदान घोडा देऊ."

चहा निवला होता. तो तसाच पीत मी विचारलं, "चिकू, तुला तेच नाव का हवं होतं? जगात एवढी नावं आहेत."

ती वड्याचा तुकडा बोटांनी बारीक बारीक करत राहिली, जुईसाठी.

"तू पुण्याला आल्यावर दुपारचं अप्पांना मीच भरवायचे. आई झोपलेली असायची. एकदा ताटावर बसले आणि म्हणाले, केतकी, मीठ कमी आहे. मी सांगणार होते, अप्पा, ताई पुण्याला असते, मी चिकू. पण तोंडातून निघालं, हो अप्पा, घालते."

वड्याचा तुकडा तिच्या बोटांत तसाच राहिला.

"'घालते', ताई. घालतो नाही. तोवर मी ते मोठ्याने कधी म्हणालेच नव्हते. एकटी असतानासुद्धा नाही. मला वाटलं, आता वर बघतील. काय म्हणालास, विचारतील. पण त्यांनी मीठ घेतलं आणि वरण-भात कालवत राहिले. जणू काय रोजचंच आहे."

"मग?"

"मग रोज दुपारी मी केतकी. पाणी देते अप्पा, हात पुसते अप्पा. आई उठायच्या आत सगळं बोलून घ्यायचे. आईला वाटायचं आजार वाढला, पोरंपण ओळखू येईनात." तिने बारीक केलेला कण जुईच्या जिभेवर ठेवला. "ते तुला हाक मारत होते की मला, ते मला कधी कळलं नाही. म्हणून तुला विचारलं. नाहीतर तसंच घेतलं असतं."

 जुईने टेबलावर थाप मारली, आणखी मागितलं. चिकूने डबी उघडली, गोळी चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर घेतली, आणि डबी स्वतःच्या पिशवीत टाकली.

निघताना नोंद दुरुस्त करायला आम्ही पुन्हा त्या खिडकीशी गेलो. पोनीटेलवाल्या मुलीने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी उघडल्या आणि कपाळाला हात लावला.

"केतकी श्रीकांत नांद्रेकर, केतकी श्रीकांत नांद्रेकर. यातली केतकी नांद्रेकर कोण?"

"मी," चिकू म्हणाली.

"आणि मी," मी म्हणाले.

"तुम्ही बहिणी ना सख्ख्या?" ती आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. "मग दोघींचं नाव एकच कसं?"

चिकूने माझ्याकडे बघितलं. हे उत्तर द्यायचं ते मीच, असं तिच्या बघण्यात होतं. मी जुईला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आमच्या अप्पांनी ठेवलंय," मी म्हटलं. "दोघींचंही."